घरगुती दुरुस्ती व पुनर्वापर (महाराष्ट्र)

घरगुती दुरुस्ती व पुनर्वापर म्हणजे घरातील कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, अवजारे, कागद इत्यादी वस्तू नादुरुस्त झाल्यावर लगेच टाकून न देता त्या नीट करून, त्यांचे रूप बदलून किंवा त्यांची अदलाबदल करून त्यांचा उपयोग लांबवण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात ही पद्धत प्रामुख्याने 'काटकसर' या शब्दाने ओळखली जाते. ठिगळ, रफू, गोधडी, कल्हई, मोड, रद्दी आणि बोहारीण हे शब्द याच व्यवहारातून आलेले असून त्यांतील काही आजही रोजच्या भाषेत आहेत.

काटकसर हा सामान्यतः कुटुंबाचा गुण मानला जातो. प्रत्यक्षात ती तीन गोष्टींवर अवलंबून असते : दुरुस्त होऊ शकेल अशी वस्तू, दुरुस्ती करणारा कारागीर आणि घरातील कोणाचा तरी, बहुधा स्त्रीचा, वेळ. या तिन्हींपैकी एक जरी नाहीशी झाली तरी वस्तू कचऱ्यात जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या पद्धतीत झालेले बदल समजून घेताना ही बाब महत्त्वाची ठरते.

स्वरूप व संज्ञा

काटकसर आणि कंजूषपणा यांत मराठीत स्पष्ट भेद केला जातो. आवश्यक तो खर्च करून अपव्यय टाळणे ही काटकसर, तर आवश्यक खर्चही टाळणे हा चिक्कूपणा समजला जातो. दुरुस्ती व पुनर्वापराचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात :

१. दुरुस्ती : वस्तू पुन्हा मूळ कामासाठी वापरता येईल अशी करणे. उदा. रफू, कल्हई, छत्रीची काडी बदलणे.
२. रूपांतर : वस्तूचा उपयोग बदलणे. उदा. जुन्या लुगड्याची गोधडी, तेलाच्या रिकाम्या डब्यात धान्याची साठवण, नारळाच्या करवंटीचा डाव.
३. हस्तांतर : वस्तू दुसऱ्याला देणे. उदा. मोठ्या भावंडाचे कपडे धाकट्याला देणे, वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्याची पुस्तके खालच्या इयत्तेतील विद्यार्थ्याला देणे.
४. विनिमय व विक्री : निरुपयोगी वस्तू देऊन तिच्या बदल्यात पैसे किंवा दुसरी वस्तू घेणे. उदा. रद्दी, भंगार, मोड, बोहारणीशी होणारी अदलाबदल.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पारंपरिक ग्रामव्यवस्थेत दुरुस्तीचा खर्च दर खेपेला रोख द्यावा लागत नसे. सुतार, लोहार, चांभार इत्यादी बलुतेदार शेतकऱ्याची अवजारे व वस्तू वर्षभर नीट करून देत आणि सुगीच्या वेळी त्यांना धान्याच्या रूपाने 'बलुते' मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. दुरुस्तीचा मोबदला वर्षाकाठी ठरलेलाच असल्याने मोडलेली वस्तू टाकून देण्यात शेतकऱ्याचा काहीच फायदा नसे. मात्र ही व्यवस्था जातीने बांधलेली होती. कामाचा प्रकार आणि बहुतांशी मोबदलाही जन्मावर व रूढीवर ठरत असे.

शहरांमध्ये हे काम फिरते कारागीर, पेठांतील दुकाने आणि आठवडी बाजार यांच्याकडे आले. पुण्यातील कसबा पेठेतील तांबट आळी, बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, शालेय पुस्तकांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध असलेला अप्पा बळवंत चौक, तसेच मुंबईतील भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार ही या व्यवहाराची परिचित ठिकाणे होत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाईमुळे काटकसर ही सक्तीची बाब झाली. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे शिधावाटप सुरू झाले आणि त्याच वर्षी कापड व सुतावर सरकारी नियंत्रण आले. स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे टिकाऊ वस्तू महाग व दुर्मीळ होत्या. त्यामुळे घड्याळ, सायकल, रेडिओ, शिवणयंत्र यांसारख्या वस्तू एकदा घेतल्या की दुरुस्त करत अनेक वर्षे, काही घरांत पिढ्यानपिढ्या, वापरल्या जात.

कापड

शिवण, ठिगळ व रफू

कपड्याचे आयुष्य वाढवण्याची सुरुवात तो शिवतानाच होत असे. मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवले जात, म्हणजे शिवणीत व खालच्या दुमडीत जादा कापड ठेवून मूल वाढेल तसे ते सोडले जाई. सदऱ्याची कॉलर मानेशी विरली की शिंपी ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवत असे. यामुळे झिजलेली बाजू आत जाई व सदरा आणखी काही काळ वापरता येई.

फाटलेल्या जागेवर दुसऱ्या कापडाचा तुकडा लावणे म्हणजे ठिगळ. रफूमध्ये मात्र वेगळा तुकडा न लावता विरलेल्या जागी सुईने उभे व आडवे धागे गुंफून कापडाची वीण पुन्हा तयार केली जाते. रंग जुळावा म्हणून रफूगर अनेकदा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून किंवा काठातून धागे काढून वापरतो. चांगला रफू उजव्या बाजूने सहज दिसत नाही. पैठणी, शालू, शाल, लोकरी कोट अशा किमती वस्त्रांसाठी या कारागिरीला आजही मागणी आहे.

गोधडी

जुनी सुती वस्त्रे एकावर एक पसरून हाताने धावदोरा घालून शिवलेले जाड पांघरूण किंवा अंथरूण म्हणजे गोधडी. दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ असेही म्हणतात. बाहेरच्या बाजूंना तुलनेने धड असलेली लुगडी किंवा धोतरे घेतली जातात आणि आतल्या थरांत जीर्ण कापड व लहान तुकडे भरले जातात. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर असल्याने एकाच लुगड्याच्या घड्यांतून अनेक थर मिळतात. टाके सामान्यतः कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे नेले जातात. या टाक्यांमुळे थर सरकत नाहीत आणि विरलेले कापडही एकमेकांच्या आधाराने टिकते.

वारंवार धुतलेले सुती कापड मऊ होत असल्याने तान्ह्या बाळाची दुपटी व लंगोट मुद्दाम जुन्या कापडाचे शिवण्याची रीत आहे. गोधडीशी साम्य असलेले प्रकार भारतात इतरत्रही आढळतात. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची कवंदी ही त्यांची उदाहरणे होत.

गोधडीनंतरही कापडाचा प्रवास संपत नसे. लुगडे जुने झाले की त्याचे परकर-पोलके, नंतर दुपटे किंवा गोधडीचा थर, मग भांडी धरण्याचे फडके, त्यानंतर पायपुसणे आणि शेवटी जमीन सारवण्याचे पोतेरे असा त्याचा उतरता क्रम असे. चिंध्यांचे पीळ देऊन काकडेही केले जात.

बोहारीण

जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फिरत्या विक्रेत्या स्त्रीला बोहारीण म्हणतात. मुंबई व इतर शहरांत हा व्यवसाय मुख्यतः मूळच्या गुजरातमधील वाघरी (देवीपूजक) समाजातील स्त्रिया करत आल्या आहेत. व्यवहार रोखीचा नसतो. कपड्यांची संख्या, कापडाचा प्रकार, जर आणि झीज पाहून घासाघीस होते आणि भांड्याचा आकार ठरतो. गोळा केलेले कपडे निवडून, धुऊन व दुरुस्त करून जुन्या कपड्यांच्या बाजारात विकले जातात, तर वापरण्याजोगे नसलेले सुती कापड यंत्रे पुसण्याच्या चिंध्या म्हणून कारखान्यांत जाते. घरातील स्त्रीच्या दृष्टीने हा व्यवहार विशेष होता. हातात रोख पैसा नसतानाही स्वतःच्या निर्णयाने संसारात नवी वस्तू आणण्याचा तो एक मार्ग होता.

भांडी व धातू

कल्हई

तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून दिलेला कथलाचा पातळ थर म्हणजे कल्हई. ताक, चिंच, कोकम यांसारखे आंबट पदार्थ तांब्याशी संयोग पावतात व त्यांतून आरोग्यास अपायकारक क्षार तयार होतात. असे अन्न 'कळकले' असे म्हणतात. कथलाचा थर अन्न व धातू यांचा थेट संपर्क टाळतो.

कल्हई करताना भांडे प्रथम घासून स्वच्छ केले जाते. त्यानंतर ते भात्याच्या भट्टीवर तापवून त्यात नवसागराची पूड टाकली जाते. नवसागरामुळे पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर निघून जातो. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवली की ते वितळते, कारण त्याचा द्रवणांक सुमारे २३२ अंश सेल्सिअस इतका कमी आहे. वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने भांड्यात सर्वत्र फिरवले जाते आणि शेवटी भांडे पाण्यात बुडवून थंड केले जाते. वापराने हा थर झिजतो, म्हणून कल्हई ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. कथलात शिशाची भेसळ असल्यास कल्हईच अपायकारक ठरते. त्यामुळे शुद्ध कथील वापरणे आवश्यक असते.

झाळकाम व मोड

भांड्याला चीर गेल्यास ते झाळून घेतले जाई, पोचा आल्यास ठोकून काढला जाई. त्यापलीकडे गेलेले भांडे 'मोड' म्हणून वजनावर विकले जाते किंवा त्याची किंमत वळती करून नवे भांडे घेतले जाते. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार या व्यवहाराशी निगडित आहे. तांबे व पितळ वितळवून पुन्हा घडवता येत असल्याने ही भांडी घराची बचत म्हणूनही सांभाळली जात. अडचणीच्या वेळी ती गहाण ठेवता किंवा विकता येत.

इतर वस्तू

दगडी जाते व पाटा गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीने 'टाकी लावून' घेतली जाई. सुऱ्या, विळ्या व कात्र्या यांना शिकलगार धार लावून देत. गादीतील कापूस वापराने दबून गोळे झाला की पिंजारी तो धनुकलीने पिंजून पुन्हा भरत असे. यामुळे खोळ बदलून तोच कापूस अनेक वर्षे वापरता येई. बुरूड सुपे व टोपल्यांच्या कडा नव्याने बांधून देत. पावसाळ्याच्या तोंडावर छत्री दुरुस्त करणारे कारागीर आजही शहरांच्या पदपथांवर दिसतात. कुकरची रिंग व शिट्टी, गॅसची शेगडी, मिक्सर आणि पंखे यांची दुरुस्ती करणारी छोटी दुकाने हे या परंपरेचे आधुनिक रूप होय.

कागदाच्या बाबतीत एका बाजूने कोरा राहिलेला 'पाठकोरा' कागद हिशेब व कच्च्या लिखाणासाठी वापरणे आणि जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून नवी वही शिवणे या पद्धती विद्यार्थ्यांमध्ये रूढ होत्या. वर्तमानपत्रांची रद्दी वजनावर विकली जाते व ती पुढे कागद गिरण्यांकडे जाते.

अडगळ व साफसफाई

जपून ठेवणे हा काटकसरीचा एक भाग असला, तरी जपलेली प्रत्येक वस्तू उपयोगात येतेच असे नाही. 'कधीतरी लागेल' म्हणून माळ्यावर किंवा पलंगाखाली साठलेल्या वस्तूंना अडगळ म्हणतात. ठरावीक काळाने ती उपसण्याची व्यवस्था सणांच्या चक्रात आढळते. ग्रामीण महाराष्ट्राच्या अनेक भागांत घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण, भांडी व कपडे बाहेर काढून धुण्याच्या व घर सारवण्याच्या प्रथेला 'दसरा काढणे' म्हणतात. शहरांत अशी आवराआवर दिवाळीपूर्वी केली जाते. या वेळी प्रत्येक वस्तू हाताखालून जात असल्याने दुरुस्त करायची, द्यायची, विकायची आणि टाकायची अशी तिची निवड आपोआप होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीची पूजा करतात. फुटकी भांडी किंवा बंद पडलेले घड्याळ घरात ठेवू नये, हा लोकसमजही साठवणुकीला मर्यादा घालणारा आहे.

साठवण आणि अडगळ यांतील फरक वस्तूच्या स्थितीपेक्षा तिच्या वापरात असतो. वापरात नसलेली चांगली वस्तू वेळीच हस्तांतरित केल्यास ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते. माळ्यावर अनेक वर्षे पडून राहिल्यास कसर, वाळवी, गंज व दमट हवा यांमुळे ती निरुपयोगी होते. वस्तू टाकून देताना अतिशय त्रास होणे व त्यामुळे घर राहण्यायोग्य न उरणे हा मानसिक विकारही असू शकतो. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक विकारांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र विकार म्हणून नोंद आहे.

श्रम व सामाजिक बाजू

घरगुती पुनर्वापराचा बराचसा भार स्त्रियांच्या विनामोबदला श्रमांवर उभा होता. गोधडी शिवणे, कपडे उसवून नव्याने शिवणे, धान्य निवडून डबे भरणे ही कामे घरच्या इतर कामांतून उरलेल्या वेळात होत आणि त्यांची गणना 'काम' म्हणून क्वचितच होई. वस्तूची बचत दिसत असे, पण तीसाठी खर्च झालेले तास हिशेबात धरले जात नसत.

दुसरीकडे कल्हईवाले, पिंजारी, चर्मकार, बोहारीण, भंगारवाले व कचरावेचक यांच्या कामाला समाजात प्रतिष्ठा नव्हती. त्यांपैकी बहुतेकांना सामाजिक सुरक्षिततेचा लाभही नव्हता. पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्या पुढाकारातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून पुणे महानगरपालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम करू लागली. कचरा वेचणे हे पर्यावरणदृष्ट्या उपयुक्त श्रम असून त्याला मोबदला व ओळख मिळाली पाहिजे, ही मागणी या चळवळीने पुढे आणली.

काटकसर स्वेच्छेची आहे की नाइलाजाची, हा भेदही महत्त्वाचा आहे. ज्या घरात एकच गोधडी असते तेथे ती जीवनशैलीची निवड नसते. शहरी बाजारात हस्तकलेची वस्तू म्हणून विकली जाणारी गोधडी आणि थंडीपासून बचावाचे एकमेव साधन असलेली गोधडी यांचे तंत्र एकच असले, तरी त्यांचा सामाजिक अर्थ वेगळा आहे.

ऱ्हासाची कारणे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साहित्य, किंमत आणि वेळ या तिन्ही बाबतींत बदल झाले.

साहित्य : स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना कल्हईची गरज नसल्याने कल्हईवाल्यांचे काम घटले. पॉलिएस्टर व मिश्र धाग्यांचे कपडे अधिक टिकतात, परंतु ते पाणी शोषत नाहीत. त्यामुळे त्यांची दुपटी, फडकी किंवा मऊ गोधड्या होत नाहीत आणि मिश्र धागे वेगळे करणे अवघड असल्याने त्यांचा औद्योगिक पुनर्वापरही कठीण ठरतो. फोम व स्प्रिंगच्या गाद्या आल्यावर पिंजाऱ्यांचा व्यवसाय कमी झाला. विजेची चक्की व मिक्सर आल्यावर जात्या-पाट्याबरोबर टाकी लावण्याचे कामही मागे पडले.

किंमत : मोठ्या कारखान्यांत वस्तू स्वस्त झाल्या, मात्र दुरुस्ती हे हाताचेच काम राहिले. त्यामुळे अनेक वस्तूंच्या बाबतीत दुरुस्तीची मजुरी नव्या वस्तूच्या किमतीच्या जवळ पोहोचली.

रचना : अनेक आधुनिक उपकरणांचे भाग स्क्रूऐवजी डिंकाने जोडलेले असतात, बॅटरी वेगळी काढता येत नाही आणि सुटे भाग मिळत नाहीत. अशी वस्तू कुशल कारागिरालाही उघडता येत नाही.

वेळ व जागा : नोकरीचे तास व प्रवास यांमुळे हातकामासाठी मिळणारा वेळ घटला, तर लहान सदनिकांमध्ये साठवणुकीची जागा उरली नाही. काही गृहसंकुलांत फेरीवाल्यांना प्रवेश नसल्याने कारागीर व ग्राहक यांचा दारातला संबंधही तुटला.

कायदे व धोरण

घरगुती वस्तूंचा शेवट कसा व्हावा, याबाबत एकविसाव्या शतकात अनेक नियम करण्यात आले. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार घरातच ओला, सुका व घातक कचरा वेगळा करणे आवश्यक ठरवण्यात आले. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अनेक प्रकारच्या एकदा वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. त्यानंतर कापडी पिशव्यांचा वापर पुन्हा चर्चेत आला. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांत उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकलेली आहे.

'दुरुस्तीचा हक्क' या संकल्पनेवर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची यंत्रे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिच्यासमोर होती. ग्राहकाला सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि आपल्या पसंतीच्या कारागिराकडे जाण्याची मुभा मिळावी, हा या हक्काचा गाभा आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक छापणे बंधनकारक करण्यात आले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये वस्तूंच्या दुरुस्तीसंबंधी निर्देश संमत केला. लोकांनी एकत्र येऊन वस्तू दुरुस्त करण्याच्या 'रिपेअर कॅफे' या उपक्रमाची सुरुवात २००९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे झाली. बंगळूरमध्ये असा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला.

मर्यादा व सुरक्षितता

प्रत्येक वस्तूचा पुनर्वापर हितकारक नसतो. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधल्यास शाईतील अपायकारक द्रव्ये अन्नात उतरू शकतात. अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) विनियम, २०१८ नुसार असा वापर करण्यास मनाई आहे. रंग, कीटकनाशके किंवा रसायनांचे डबे धान्य अथवा पाणी साठवण्यासाठी वापरू नयेत. कुकरची सुरक्षा झडप, गॅसची रबरी नळी आणि विजेच्या वायरी यांच्या बाबतीत तात्पुरती डागडुजी धोक्याची ठरते. त्या मुदतीनंतर बदलणेच योग्य असते. फुगलेल्या बॅटऱ्या व फुटलेल्या ट्यूबलाइट घरात साठवू नयेत. तांब्यासाठी वायरी जाळण्याने विषारी धूर निर्माण होतो व त्याचा सर्वाधिक त्रास हे काम करणाऱ्यांनाच होतो.

या मर्यादा सांभाळून केलेल्या दुरुस्तीमुळे कच्चा माल, ऊर्जा व पैसा वाचतो आणि स्थानिक कारागिरांना काम मिळते. वस्तू विकत घेतानाच ती उघडता येते का, तिचे सुटे भाग मिळतात का आणि ती दुरुस्त करणारा जवळपास आहे का, हे पाहिल्यास पुढची काटकसर शक्य होते. पूर्वीच्या घरांत हा विचार वेगळा करावा लागत नसे, कारण सुती लुगडे, पितळेचे पातेले आणि कापसाची गादी या वस्तू मुळातच पुन्हा पुन्हा नीट करता येण्यासारख्या होत्या.